अण्णांचं विमान पडद्यावर आणताना

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बाई बसलेली दिसली की माणसं एक पाऊल मागे जाऊन पाटी पुन्हा वाचत. पाटी बरोबर असे. मग आत येऊन विचारत, "मिस्तरी कोठे शे?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढे मी शहाणी झाले. "बसा, येईल आता," असं म्हणायचं आणि त्यांच्या टीव्हीचं मागचं झाकण उघडायला घ्यायचं.

तापीकाठच्या एका गावचे गुजर शेतकरी एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टीव्ही घेऊन आले. दोन गोधड्यांत गुंडाळलेला, जणू बाळंतिणीलाच आणलं होतं. मिस्तरीची वाट बघत बाकावर बसून राहिले. मी पॉवरचा भाग बदलला, चित्र आलं, गाणं लागलं. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं आणि मग विचारलं, "मग मिस्तरी काय उनाच नही?" मी म्हटलं, "येऊन गेला." त्यांनी मान डोलावली, टीव्ही गोधडीत गुंडाळला आणि गेले. नंतर कुणीतरी त्यांना खरं सांगितलं असावं, कारण त्या गावचे बिघडलेले टीव्ही पुढे कायम माझ्याच दुकानात येत राहिले.

माझं माहेर कळसाडीचं. नंदुरबारला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला आणि लग्नानंतर शहाद्यात दुकान टाकलं. माझ्या आयुष्याचा क्रम एवढाच, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. सांगण्यासारखे असतात ते बिघाड. आमच्या भागातले निम्मे बिघाड पालींनी केलेले. टीव्हीच्या पाठीमागे ऊब असते, ऊब असली की किडे येतात आणि किड्यांमागे पाल. ती नेमकी जिथे चिकटू नये तिथे चिकटते आणि स्वतःबरोबर टीव्हीलाही घेऊन जाते. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो शुभ-अशुभाचं विचारायचा. मी म्हणायचे, पालीला अशुभ, बाकी कुणाला नाही.

जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीबद्दल दोन गोष्टी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याच्या काचेच्या नळीत मागून एक किरण सुटतो आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीमागून ओळ लिहीत जातो. शाळेत पाटीवर लिहितो तसाच. तो इतक्या वेगाने लिहितो की आपल्याला ओळी दिसत नाहीत, चित्र दिसतं. ओळ कधी सुरू करायची आणि पान कधी उलटायचं, याचा ताल त्याला बाहेरून मिळतो. ताल चुकला की चित्र तिरकं होतं, फाटतं, वर वर सरकत राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे बंद केलेला टीव्ही मेलेला नसतो. नळीत बराच वेळ वीज दबा धरून बसते. ती आधी जमिनीत सोडायची आणि मगच हात घालायचा. हे न पाळणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. दुसऱ्यांदा त्यांनी पाळलं.

मग भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही आले. त्यात दुरुस्ती अशी उरली नाही. आतला बोर्ड काढायचा, दुसरा बसवायचा. दुकानात साठलेल्या जुन्या नळ्या मी भंगारात दिल्या. सगळ्यांनीच दिल्या. आता तशी नळी जगात कुठे बनत नाही म्हणतात. त्या भंगारवाल्याचा टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी होते, ते आठवतं.

दुकान मी जवळजवळ बंदच केलं होतं, तेव्हा मनीषाचा फोन आला.

मनीषा म्हणजे विसरवाडीच्या वसंतअण्णांची मुलगी. हायवेवर, बस थांबते त्याच्या अलीकडे, अण्णांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एका ओळीत उंच लाकडी मशिनी, प्रत्येकीत एक पडदा, खाली एक दांडा आणि गोल बटणं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. सुरतेकडे जाणारे ट्रकवाले, बस चुकलेली पोरं, बाजाराला आलेले डोंगरातले तरुण, सगळे तिथे उभे असायचे. सुरुवातीच्या वर्षांत त्या मशिनी मीच सांभाळल्या. अण्णा माझ्यामागे उभे राहून बघत आणि इतकं विचारत की हळूहळू किरकोळ दुरुस्त्या स्वतःच करू लागले. माझं बोलावणं कमी झालं, पण वाईट वाटलं नाही. पुढे मोबाइल आले, पोरांना खिशातच गेम मिळाले. अण्णांनी मशिनी एकेक करून काढून टाकल्या आणि तिथे चहा-नाश्त्याचं दुकान घातलं. एकच मशीन त्यांनी ठेवली, विमानाच्या गेमची. ती चालू होती तोवर सकाळी दुकान उघडण्याआधी त्यावर एक डाव खेळायचा, ही त्यांची बोहनी.

मनीषा नंदुरबारच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. आखडलेले, लुळे पडलेले हातपाय पुन्हा चालते करणं हे तिचं काम. फोनवर ती म्हणाली की अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पायात जीव परत आला, काठी घेऊन चालतात. हात मात्र तसाच आहे.

"ताई, मी दुसऱ्यांचे हात चालवते आणि मन्हा बापना हात माले चालवता येत नही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, म्हणून मला जास्त लागलं.

हाताचा व्यायाम अण्णा करत नव्हते. रबरी चेंडू दाबायला दिला की खाली टाकून देत. मणी उचलायला दिले की तोंड फिरवत. मनीषाला मशीन आठवली. गेमच्या मशीनवर डाव्या हातात दांडा असतो आणि उजव्या हाताच्या बोटांनी बटण दाबायचं असतं. जे बोट तिला हलवायचं होतं तेच. पण मशीनचा आतला गेमचा बोर्ड कधीचा जळाला होता. तिच्या ओळखीच्या एका इंजिनीअरने तिला छोटा संगणक दिला, पत्त्यांच्या कॅटएवढा. त्यात विमानाचा तोच गेम होता. घरच्या टीव्हीला जोडला तर उत्तम चालला. अण्णांनी एकदा त्या चपट्या पडद्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

"त्यांना त्यांची मशीन पाहिजे," ती म्हणाली. "मी त्या संगणकाच्या वायरी मशीनच्या पडद्याला जोडून बघितल्या, तर नुसत्या तिरक्या रेघा येतात. तुम्ही याल का?"

मी विचारलं, "जोडताना हाताला मुंग्या आल्या का?"

ती म्हणाली, "आल्या."

मी तिला प्लग काढून ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले.

विसरवाडीत उतरले तेव्हा अण्णा दुकानाच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मला बघून डोळ्यांत ओळख आली. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कुणाचातरी सांभाळायला दिल्यासारखा. मी नमस्कार केला, तब्येत विचारली. ते म्हणाले, "चहा."

कमलवहिनी, म्हणजे अण्णांच्या मिसेस, लगेच उठल्या. मनीषाने मला हळूच सांगितलं की लकव्यानंतर हा एकच शब्द उरला आहे. पाणी हवं तरी चहा, पंखा बंद करा तरी चहा, झोप आली तरी चहा. डोक्यात सगळं नीट असतं, तोंडातून निघताना शब्द बदलतो. घरच्यांना कधी उमजतं, कधी नाही. उमजलं नाही की वहिनी खरंच चहा करतात.

मशीनची पाठ उघडली आणि मुंग्यांचं कारण दिसलं. अशा मशीनमध्ये पडदा आणि घरची वीज यांच्यामध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर असतो. घरची वीज तो पडद्याला थेट भेटू देत नाही, मध्ये राहून देवाणघेवाण करतो. तो नसेल तर पडद्यामागचा सगळा पत्रा विजेवर असतो. इथे तो जागेवर नव्हता. मशीन बंद पडून होती तेव्हा कुणीतरी आतल्या तांब्याच्या तारेसाठी काढून नेला होता आणि नंतर कुणीतरी वायरी सरळ जोडून टाकल्या होत्या. क्षणभर प्लग लावून मी टेस्टर पत्र्याला लावला, तो पेटला. मनीषाने आपल्या हाताकडे बघितलं. तिचा तो छोटा संगणक वाचला हे नशीब, आणि ती वाचली हे त्याहून मोठं.

मी लगेच प्लग काढला आणि त्या दिवशी पुढे काही चालू केलं नाही. नळीतली वीज जमिनीत सोडली, पडद्यामागचा सर्किटचा भाग काढला आणि कापडात बांधून शहाद्याला आणला. त्यातले कपॅसिटर सुकले होते, म्हणजे आतला ओलावा उडून गेला होता. ते सगळे बदलले. ट्रान्सफॉर्मर नंदुरबारला पंपाच्या मोटारी बांधणाऱ्या एका जुन्या ओळखीच्या कारागिराकडून गुंडाळून घेतला. त्याने विचारलं, कशासाठी हवाय. मी म्हटलं, विमानासाठी. त्याने पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही सकाळपासून बसलो. मशीनच्या पाठीमागे मी, पुढे स्टुलावर छोटा संगणक आणि कीबोर्ड घेऊन मनीषा, आणि बाजूला खुर्चीवर अण्णा. ट्रान्सफॉर्मर बसवला, टेस्टर लावला, पत्रा आता गप्प होता. मशीन चालू केली. नळीच्या गळ्यात तांबूस उजेड आला. संगणक जोडला आणि पुन्हा त्याच तिरक्या रेघा.

हे मात्र मला अपेक्षित होतं. आजचा संगणक ओळी फार भराभर पाठवतो, जुना पडदा त्याच्या निम्म्या वेगाने लिहिणारा. पेरणाऱ्याच्या हातात दुप्पट वेगाने बी देत गेलं तर बी कुठे पडेल, तसं ते चित्र झालं होतं. पडद्याचा वेग वाढवायला गेलं तर त्याचा जीव जातो. वेग संगणकानेच कमी करायला हवा. संगणकाला ते कसं सांगायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मनीषाने परदेशातल्या हौशी लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं वाचून काढलं होतं. संगणकाच्या आत एक सेटिंगची फाइल असते, तिच्यात ओळींचे आकडे बदलायचे. ती आकडे बदलायची, संगणक बंद करून पुन्हा चालू करायची आणि मी मागे आरशात पडदा बघायचे. हा आरसा टीव्हीवाल्याचा तिसरा डोळा. मागे हात घातलेला असताना पुढचं चित्र त्यातच दिसतं.

आकडे बदलत गेले तशी चित्राची तऱ्हा बदलत गेली. आधी एकाच्या जागी दोन विमानं शेजारी शेजारी, मग सगळं काळं, मग नुसताच थरथराट. माझी पंचाईत वेगळीच होती. जुना पडदा नीट चालत असला की एक बारीक, एकसुरी शिट्टी वाजवतो. ताल चुकला की ती शिट्टी कापते. सगळी उमेदीची वर्षं मी निम्मे बिघाड त्या शिट्टीवरून ओळखले. आता पडद्यापाशी कान नेला तर काहीच नाही. वाटलं शिट्टीच बंद आहे. मग लक्षात आलं की वय झालं, इतका बारीक आवाज माझ्या कानांना आता पोचतच नाही. कुणी सांगितलंच नव्हतं, कधी गेला तेही कळलं नाही.

मी मनीषाला विचारलं, "तुला कानात शिट्टीसारखं काही ऐकू येतं?"

"येस ना. केव्हानं किटकिट करी ऱ्हायनं," ती म्हणाली.

"कापतं की सरळ?"

तिने डोळे मिटून ऐकलं. "कापतं."

मग तेच आमचं काम झालं. ती आकडा बदलायची, ऐकायची आणि सांगायची. कापतं, कापतं, जास्त कापतं. एकदा तिने आकडा बदलून दोनदा ऐकलं. मी मागून विचारलं तर म्हणाली, "सरळ झालं, ताई." मी आरशात पाहिलं. पडद्यावर निळं आकाश होतं, खाली समुद्र आणि त्यात एक छोटं विमान.

पण इतकं अंधुक की कंदिलाच्या उजेडात बघावं तसं. त्याचंही कारण साधं. जुना गेमचा बोर्ड रंग जोरात पाठवायचा, हा संगणक हळू आवाजात बोलतो. मी घरून एक छोटा अँप्लिफायर बनवून आणला होता, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी आत एकेक भाग असलेला. तो मध्ये जोडला आणि समुद्र समुद्रासारखा दिसायला लागला. कमलवहिनी दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हाई ते तेच शे." हे तर तेच आहे.

अण्णांनी खुर्ची पुढे ओढून घ्यायची खूण केली. मनीषाने त्यांना मशीनसमोर बसवलं. आणि नेमकं तेव्हा चित्र घसरायला लागलं. आजूबाजूच्या शेतांतले पंप सुरू झाले असावेत, विजेचा दाब उतरला. विमान पडद्याच्या एका बाजूने बाहेर गेलं आणि दुसऱ्या बाजूने अर्धं आत आलं. मग चित्र वर सरकत राहिलं, एकामागून एक पानं उलटल्यासारखं.

असं झालं की ताल धरायच्या छोट्या गोल खुंट्या असतात, त्या थोड्या फिरवायच्या. पूर्वी त्या मशीनच्या पाठीत होत्या, मीच बसवलेल्या. आता त्या जागी रिकामी भोकं होती. तिथून निघालेली वायर खाली जाऊन नाणी पडायच्या लोखंडी पेटीत शिरत होती. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली कुणाला माहीत नव्हती. मी पेचकस घेतला आणि पेटीचं दार उचकटायला बसले.

"चहा," अण्णा म्हणाले.

कमलवहिनी आत वळल्या. अण्णांनी डावा हात जोरात हलवला. "चहा, चहा." त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी पेचकस खाली ठेवला. ते माझ्याकडे बघत होते आणि डाव्या हाताने कमरेवर थापटत होते, परत परत त्याच जागी.

मनीषाला वाटलं कंबर दुखतेय. ती उशी आणायला निघाली आणि मध्येच थांबली. "करदोडा," ती म्हणाली. "आई, दवाखान्यात नर्सने करदोडा कापला होता, त्याला एक किल्ली होती."

वहिनींनी चहाचं आधण तसंच सोडलं आणि देवघरातून हळदीकुंकवाच्या करंड्यातली किल्ली घेऊन आल्या. कशाची आहे ते ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याच्या अंगावरची वस्तू म्हणून त्यांनी देवापाशी ठेवली होती.

पेटी उघडली. ताल धरायच्या खुंट्यांची ती पट्टी आत व्यवस्थित स्क्रू मारून बसवलेली होती, हाताशी येईल अशा उंचीवर. मला बोलावणं कमी झालं त्या वर्षांत अण्णांनी ती स्वतः तिथे आणली होती. विजेचा दाब रोज उतरायचा आणि रोज पाठ उघडायला मागे कोण जाणार. शिवाय कुलपाआड असल्यामुळे पोरांनी छेडायची भीती नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला कधी ते सुचलं नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलंही.

मी खुंटीकडे हात नेला, पण अण्णांचा डावा हात आधीच तिथे पोचला होता. त्यांनी खुंटीकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं. अंगठा आणि एका बोटात धरून जरासा वळसा दिला. चित्र थांबलं. दुसरी खुंटी केसभर फिरवली आणि विमान मधोमध येऊन उभं राहिलं. मनीषा हळूच म्हणाली, "शिट्टी एकदम सरळ झाली."

मग तिने त्यांचा उजवा हात उचलून बटणावर ठेवला. तो घसरून मांडीवर पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. गेम सुरू झाला होता, समोरून शत्रूची विमानं येत होती. अण्णांनी डाव्या हाताने दांडा धरला आणि विमान बाजूला घेतलं. मग दुसऱ्या बाजूला. एकही गोळी न झाडता ते नुसतं चुकवत राहिले. दांड्यावरचा तो हात काहीच विसरला नव्हता. आम्ही तिघी मागे उभ्या होतो. बऱ्याच वेळाने विमान पडलं. अण्णांनी दांडा सोडला, आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा दांडा धरला.

परतीच्या बसमध्ये मला थोडं हताश वाटत होतं. चित्र आणलं होतं, हात काही आणला नव्हता. निघताना मनीषा म्हणाली होती की रबरी चेंडू खाली टाकणारा माणूस आज उजव्या हाताकडे स्वतःहून बघतो, तिच्या धंद्यात ही फार मोठी गोष्ट असते. तिला तिच्या धंद्यातलं कळत असणार, असं मी मनाला सांगितलं.

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा आम्ही बटणाची जागाच बदलली. मनीषाने अण्णांचा हात विश्रांतीत कुठे पडतो ते बघून खूण केली. त्या जागी मी मशीनच्या लाकडाला एक फळी जोडली आणि तिच्यात बटण बसवलं. आतली स्प्रिंग काढून हलकी घातली, नुसत्या बोटाच्या वजनाने दबेल अशी. मनगटाखाली मनीषाने मऊ कापडाची गादी शिवून लावली. त्या दिवशीही काही झालं नाही. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अण्णा मशीनसमोर बसायचे आणि एकही गोळी न झाडता खेळायचे. दुकानात थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना ते विमान माहीत झालं. एक गुजराती ड्रायव्हर म्हणे त्यांना 'साधू महाराज' म्हणायचा, कुणाला मारत नाहीत म्हणून.

मग एका सकाळी फोन आला. मी कणीक मळत होते. उचलला तर पलीकडून कुणी बोलेना. नुसता गेमचा आवाज येत होता, समुद्राच्या लाटा आणि ते ठरावीक संगीत. मी ठेवणार तोच मध्ये एक 'टक' आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा टक. मला कळायला वेळ लागला. गोळी सुटल्याचा तो आवाज होता. मी पिठाच्या हाताने फोन कानाशी धरून उभी राहिले. बऱ्याच अंतराने, पण गोळ्या येत राहिल्या. शेवटी मनीषाचा आवाज आला, "ताई, ऐकी ऱ्हायनात ना?" मी म्हटलं, "ऐकते आहे." हा आवाज माझ्या कानांना नीट पोचत होता.

अण्णांचा हात पूर्ण आलेला नाही, हे सांगायला हवं. चार बोटांपैकी दोन कामाची झाली. शर्टाची बटणं अजून वहिनी लावतात. बोलण्याचे उपचार मनीषाच्या ओळखीच्या दुसऱ्या एका बाईंकडे चालू आहेत. हळूहळू शब्द येताहेत. चहाव्यतिरिक्त पहिला नवा शब्द त्यांनी उच्चारला तो मशीनसमोर, शेवटच्या टप्प्यावर विमान पडलं तेव्हा. तो इथे छापता येणार नाही. वहिनींनी म्हणे तो ऐकून साखर वाटली.

या कामाचा बोलबाला झाला. आता मला कुठून कुठून फोन येतात. जुने मोठे पडदे अडगळीत पडलेले आणि हातात नवा छोटा संगणक, तो जोडला की रेघा येतात म्हणून. मी आधी तोच प्रश्न विचारते, हाताला मुंग्या आल्या का. मग वेगाचं विचारते, मग ताल. शिट्टी ऐकायला घरातल्या कुणा तरुण माणसाला फोन द्यायला सांगते. दुकानाची पाटी मी पुन्हा रंगवून घेतली. नळ्या भंगारात दिल्याचं वाईट वाटतं, पण ज्या उरल्या आहेत त्या इतक्या सहज मरत नाहीत, हे मला आता माहीत झालं आहे.

गेल्या महिन्यात विसरवाडीहून पुन्हा बोलावणं आलं. मनीषा म्हणाली, पडदा चांगला आहे, पण गोळी कधी सुटते, कधी नाही. मला वाटलं, हात पुन्हा मागे गेला की काय. तिने फोनवर नीट सांगितलं नाही, हसत होती एवढंच जाणवलं.

मी गेले. अण्णा मशीनसमोर होते. त्यांचं बोट बरोबर पडत होतं, पडद्यावर गोळी मात्र मधूनच सुटत होती. मी फळी खोलली आणि बटण बाहेर काढलं. आतल्या पितळी पट्ट्या दाबून दाबून झिजून पातळ झाल्या होत्या, एक तर मधोमध वाकून तुटायला आली होती. इतक्या वर्षांत मी झिजलेले किती भाग बदलले असतील, ते सगळे बदलताना कपाळाला आठी असायची. हा बदलताना नव्हती.

नवं बटण बसवलं. मी म्हटलं, "अण्णा, बघा बरं आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरून शत्रूची विमानं येत होती.